पंगत, बुफे आणि माझं ताट

लग्नसराई सुरू झालीये, केळवणांची आमंत्रणं येतायत आणि दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतंच, "येतेस ना, की तुझं ते डाएट चालूच आहे अजून?" म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते. डाएट नव्हतं ते. एनोरेक्सिया होता. ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणंच तोडायला लावणारा मानसिक आजार. त्यासाठी मी सायकिॲट्रिस्टकडे जाते, डाएटिशियनकडे जाते (हो, डाएटिशियन लोकांना जास्त खायलाही लावतात, ऐकून आमच्या शेजारच्या काकूंना धक्काच बसला होता), आणि मी बरी होतेय. बरी झाले असं अजून म्हणत नाही. या पोस्टमध्ये वजनाचा किंवा कॅलरीचा एकही आकडा नाहीये, तो मुद्दाम टाळलाय, कारण माझ्यासारखं कुणी हे वाचत असेल तर ते सगळ्यात आधी आकडाच शोधणार, आणि मग दिवसभर त्या आकड्याशी स्वतःला ताडून बघणार.

लोकांना वाटतं की आजार म्हणजे न खाणं, त्यामुळे बरं होणं म्हणजे खाणं, एकदा खायला लागली की झालं, आता मस्त एन्जॉय कर. एन्जॉय सगळ्यात शेवटी येतं हो. आधी नुसतं घड्याळाकडे बघून खायचं असतं. तीन वेळा जेवण, मध्ये दोन-तीनदा खाणं, भूक असो नसो. "शरीराचं ऐक, भूक लागेल तेव्हा खा" हा सल्ला निरोगी माणसाला ठीक आहे, पण बरेच महिने उपाशी राहिलेल्या माणसाचं पोटच हळू रिकामं होतं, चार घासांत तट्ट फुगतं, त्यामुळे "पोट भरलं" हा निरोपच खोटा असतो. त्या काळात मला कुणी श्रीखंड दिलं काय आणि खडू दिला काय, चव एकच. औषध म्हणून गिळायचं. आणि समोर घरचे बसलेत कौतुकाने बघत, की आता ही म्हणेल वा काय मस्त झालंय!

डॉक्टरांनी मला एका प्रयोगाबद्दल सांगितलं होतं, तेव्हा माझं मलाच बरंच उमगलं. 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुण पुरुषांना, सगळे स्वतःहून तयार झालेले, साधारण सहा महिने जवळजवळ निम्म्या खाण्यावर ठेवलं होतं. ॲन्सेल कीज नावाचे शास्त्रज्ञ होते त्यामागे. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा खातं कसं करायचं हे शोधायचं होतं. तर ही मुलं काय करायला लागली? पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली. ताटातलं जेवण तासतासभर पुरवायला लागली, ताटं चाटायला लागली. आणि मित्रांत मिसळेनाशी झाली, थट्टामस्करी बंद, मुलींमध्ये रस नाही, एकेकटी बसून राहायची. आणि यातल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं बरं का, आरशाबिरशाचा काही संबंध नाही. नुसत्या उपासमारीने माणूस असा होतो. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पुरणपोळीचे व्हिडिओ बघायचे, ऑफिसमध्ये सगळ्यांसाठी केक करून न्यायचे आणि स्वतः तुकडा खायचे नाही, मैत्रिणींच्या वाढदिवसांना नेमकी माझी मीटिंग असायची. सगळे म्हणायचे हिला स्वयंपाकाची केवढी आवड! (आणि हो, हा आजार फक्त कॉलेजच्या मुलींना होतो असं वाटत असेल तर तेही डोक्यातून काढा, मुलग्यांना होतो, चाळिशीतल्या बायकांना होतो, दिसायला अजिबात बारीक नसलेल्यांनाही होतो, आणि त्यांच्याकडे तर कुणी लक्षच देत नाही.)

म्हणजे माणसांत जाणं हे बरं झाल्यावर मिळणारं बक्षीस नाहीये, तो बरं होण्याचाच भाग आहे. आणि आपल्याकडे माणसांत जाणं म्हणजे जेवणच. बारसं असो, तेरावा असो, शेवट पानावरच.

आता माझं एक मत सांगते, पटलं तर घ्या. मला बुफेपेक्षा पंगत शंभर पटीने सोपी जाते. बुफेत पन्नास निर्णय घ्यावे लागतात, चाटचा काउंटर, चायनीजचा काउंटर, पास्ता कशाला असतो मराठी लग्नात देव जाणे, आणि प्रत्येक टोपासमोर डोक्यात तेच कोर्टकचेरीचं काम सुरू, हे घेऊ का, किती घेऊ, मागचा माणूस बघतोय का. शिवाय आजाराला बुफे फार सोयीचा. प्लेटमध्ये चार काकडीचे काप घेऊन तासभर सगळ्या हॉलभर गप्पा मारत फिरा, कुण्णाला कळत नाही की तुम्ही जेवला नाहीत. मी यात पीएचडी केलीये. पंगतीत तसं चालत नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, वरणभाताची मूद, वर तूप, सगळ्यांना तेच आणि साधारण तेवढंच, सगळे एकदम सुरू करतात, आणि किती वाढायचं ते वाढपी ठरवतो. मला काहीच ठरवायचं नसतं. आजारात सुरुवातीला नेमकं हेच करायला सांगतात, की ताट दुसऱ्याने वाढायचं, सोबत बसायचं आणि गप्पा भलत्याच विषयावर मारायच्या. आपल्या आज्या-पणज्यांनी ते कधीच करून ठेवलंय.

फक्त त्यात आग्रह आला की सगळं बिघडतं. आग्रहाने खाणं वाढतं म्हणून नाही, आग्रह झाला की सगळी पंगत मान वळवून तुमच्या पानाकडे बघते म्हणून. "अगं घे गं, काय होतंय एकाने," मग शेजारची, मग समोरचे काका, "आमच्या वेळी आम्ही पैजेवर खायचो," आणि मी आपली पानावर आडवा हात धरून बसलेली.

मागे मावसबहिणीचं केळवण होतं. तिने मावशीला आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, की मला आग्रह करायचा नाही. नवऱ्या मुलीच्या पाटाभोवती रांगोळी, औक्षण, फोटो वगैरे सगळं झालं, मसालेभात, अळूवडी, मठ्ठा. मावशी जिलब्यांचं ताट घेऊन आली आणि हॉलवाला जनरेटरचे वेगळे पैसे मागतोय याबद्दल तावातावाने बोलता बोलता माझ्या पानात एक जिलबी ठेवून पुढे गेली. विचारलं नाही, थांबली नाही, वळून बघितलं नाही. मी पण हॉलवाल्याला शिव्या घालत घालत ती मोडली, कडक होती, मोडल्यावर पाक बोटावर आला तो चाटला, आणि अर्धी संपल्यावर माझ्या लक्षात आलं की अरे, ही छान लागतेय. मोजलं नाहीये मी काही. वरून मठ्ठा प्यायले, आलं मिरची लावलेला. अशी चव कितीतरी दिवसांनी लागली होती.

तेवढ्यात पलीकडून एक काकू, "बरं झालं बाई, आता जरा अंगाने भरलीस, मध्ये नुसती काडी झाली होतीस!"

मनाने चांगल्याच आहेत त्या. पण आजारी डोक्यात "भरलीस" हा शब्द कसा जाऊन पडतो ते कसं सांगू, आणि "काडी" तर त्याहून वाईट, कारण डोकं लगेच म्हणतं बघ, तेव्हा सगळ्यांचं लक्ष होतं तुझ्याकडे. उरलेली अर्धी जिलबी समोर तशीच. मावशी स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं तुझ्या मुलाच्या कॅनडाच्या व्हिसाचं काय झालं?" आणि काकू पुढची वीस मिनिटं कॅनडात. मावशीला सलाम. ती अर्धी जिलबी खाल्ली मी, पण चवीसाठी नाही, जिद्दीने. तेही चालतं.

म्हणून सांगते, बारीक झालीस, जाड झालीस, चेहऱ्यावर तेज आलं, यातलं काहीही कुणाच्याही अंगाबद्दल बोलू नका ना. हवा, पाणी, महानगरपालिका, विषय काय कमी आहेत का! आणि पानावर बसून "आज मी सकाळपासून काही खाल्लं नाही, जागा ठेवलीये" किंवा "आता उद्या डबल जिम" हे पण नको. मोदकाच्या दिवसांत ते गिल्ट-फ्री मोदक म्हणून रील येतात, अरे पण गिल्ट होता कधी मोदकात? आमच्याकडे तर उलट नियम आहे, संध्याकाळी कार्यक्रम असला तरी सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण नेहमीसारखंच, जागाबिगा ठेवायची नाही, कारण एकदा ते "वाचवणं" सुरू झालं की कार्यक्रमालाही खाल्लं जात नाही, नाहीतर मग इतकं खाल्लं जातं की थांबताच येत नाही.

उपासाचं पण तसंच. संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र, आजाराला याहून चांगलं पांघरूण नाही, वर सगळे म्हणतात किती धार्मिक मुलगी. डॉक्टरांनी सगळे उपास बंद केले तेव्हा मला वाटलं आता आजी चिडणार. आजी म्हणाली, "आजारी माणसाला उपास नसतोच मुळी. देवाला कळतं, तू जेव." आणि नवरात्रात स्वतः उपासाची असूनही माझ्यासाठी पोळ्या लाटत होती. मलाच रडू आलं, ती म्हणे कणीक घट्ट झालीये जरा.

आणि पाणीपुरी! हे माझं लाडकं. या आजारात माणूस खाण्याचे बारीक बारीक तुकडे करतो, पोळीचे मुंगीएवढे तुकडे, एक घास पाच मिनिटं. पाणीपुरीचे तुकडे कर बघू. एका घासात आख्खी तोंडात, नाहीतर पाणी कोपरापर्यंत, आणि ती संपायच्या आत भैया पुढची घेऊन उभा, विचार करायला वेळच नाही. पहिल्यांदा मैत्रिणींबरोबर गेले तेव्हा डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तिखट सांगून बसले होते, आणि शेवटी सुकी पुरी मागायला मीच सगळ्यात आधी हात पुढे केला. दर वेळी असं होत नाही. कधी कधी अजूनही गाडीपाशी उभी राहून "माझं पोट बरं नाहीये" म्हणते, आणि त्या पण "बरं" म्हणून आपापल्या खातात, कुणी तोंड पाडत नाही. म्हणूनच पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर जावंसं वाटतं.

घरात कुणी ताट चिवडतंय, जेवून लगेच बाथरूममध्ये जाऊन बसतंय, सारखी कारणं काढून कार्यक्रम टाळतंय असं दिसलं तर "नाटकं करू नकोस" म्हणू नका, डॉक्टरकडे न्या. मानसिक आजारांत जिवावर बेतणाऱ्या आजारांमध्ये एनोरेक्सिया फार वर आहे. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

आणि हो, ज्यांची आमंत्रणं आलीयेत त्या सगळ्यांकडे मी येतेय. पंगत असेल तर पहिल्या पंगतीला बसवा, भूक घड्याळावर आहे माझी. कमेंटमध्ये इंटरमिटंट फास्टिंगचे फायदे लिहिलेत तर डिलीट करेन, आधीच सांगतेय.