दुसरा डोळा

एका डोळ्याला आयलायनर लावणं मुळीच अवघड नाही. माझा उजवा डोळा पहिल्याच दिवशी इतका झकास झाला, की मी तो घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंना दाखवला. त्या आंबोशीसाठी कैऱ्या चिरत होत्या. मान वर करून म्हणाल्या, ‘‘बरो दिसता. आनि दुसरो?’’

पुढचं सगळं रामायण त्या दुसऱ्याचं आहे.

मे महिना, वेंगुर्ले, घरात पुतण्याचं लग्न. चाकरमानी येऊन थडकलेले. डोंबिवलीहून आलेल्या पुतणीने कुडाळला गाडीतून उतरायच्या आधीच फोनवर फर्मान काढलं होतं : लग्नात घरच्या सगळ्या बायकांनी विंग्ड लायनर लावायचं. विंग म्हणजे डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून भुवईच्या टोकाकडे निघालेली, जाता जाता बारीक होत गेलेली काळी शेपटी. तोवर डोळ्यांच्या बाबतीत माझी मजल काजळापर्यंत होती, आणि काजळ हा फार दयाळू प्रकार आहे. ते फिसकटलं तरी डोळे टपोरे दिसतात. माझी आजी एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताम्हन उपडं धरायची आणि जमलेली काजळी खरवडून तुपात खलायची. खर्च शून्य. पुतणीने आणलेलं पेन 325 रुपयांचं. त्याच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली, तर काळ्या रंगापुढे ‘सी. आय. 77266’ असं लिहिलेलं. पुतणीने शोधून सांगितलं, ‘‘काकी, म्हणजे कार्बन ब्लॅक.’’ म्हणजे काजळीच की! आजी बिचारी क्रमांक न घालताच वापरत होती.

पुतणीची शिकवणी सोपी होती. खालच्या पापणीची कड डोळा संपल्यावरही पुढे चालू आहे असं समजायचं. ती जिथे जाईल तिथे टोकाला एक ठिपका द्यायचा. ठिपक्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ, मग ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या मध्यावर दुसरी. झालेला त्रिकोण भरून टाकायचा. कोपर टेबलावर टेकवायचं, म्हणजे हात हलत नाही. कातडी ओढायची नाही, कारण सोडली की रेघ आकसते. आणि डोळा उघडा ठेवून समोर बघायचं. हे शेवटचं माझ्यासाठी खास. चाळिशीनंतर वरची पापणी पदरासारखी खाली उतरते. डोळा मिटून काढलेली सुंदर शेपटी डोळा उघडला की त्या घडीत मोडते आणि नेमकी मधूनच गायब होते.

आता डोळा उघडा ठेवायचा, तर माझा जवळचा नंबर आहे 2. चष्मा लावला की पापणी दिसते, पण पेन तिथवर पोचत नाही. चष्मा काढला की पेन पोचतं, पण पापणी कुठे आहे ते अंदाजाने. हा पेच माझ्या आधी कुणाला पडला नसेल असं नाही, पण शिकवणाऱ्या सगळ्या पोरी बावीस-तेवीस वर्षांच्या. त्यांना कोण विचारणार? मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला, पेन बाजूने काचेमागे सरकवलं, श्वास रोखला आणि एका दमात ओढलं. रेघ कशी, दोरी धरल्यासारखी सरळ! फक्त ती काचेच्या आतल्या बाजूला उमटली. त्या दिवसभरात मी मारलेली ती सर्वांत देखणी रेघ. ती पुसायच्या आधी मी घरात एक फेरी मारली, तेव्हा सासूबाई, मांजर आणि फणस अशा सगळ्यांनाच विंग लागलेली दिसली.

शेवटी ह्यांचा दाढीचा आरसा काढून पडवीच्या खांबाला टांगला. त्याची एक बाजू सगळं मोठं करून दाखवते. त्यात मला माझी त्वचा प्रथमच नीट दिसली. जांभ्याचा चिरा. पण पापणीही दिसली, एवढं खरं.

मग डावा डोळा. उजव्या हाताने उजवा डोळा काढताना हात आपल्या बाजूने असतो. डाव्याला नाकावरून वळसा घालून जावं लागतं. डावी शेपटी उजवीपेक्षा गव्हाभर वर गेली. म्हणून उजवी थोडी वर घेतली. ती जाड झाली. म्हणून डावी जाड केली. ती लांबली. म्हणून उजवी लांबवली. अशी बरोबरी करत करत दोन्ही शेपट्या कानांच्या दिशेने निघाल्या आणि तरीही एक बांगड्याची, एक सौंदाळ्याची. पुसायला खोबरेल घेतलं. पाण्याला दाद न देणारा लायनर तेलापुढे लगेच मान टाकतो, हे घरबसल्या मिळालेलं ज्ञान. पण तेल लागलेल्या कातडीवर नवी रेघ धरत नाही, हे त्याच्या पाठोपाठ मिळालं. दिवसभर ओल्या लाकडांवर फुंकणी फुंकत बसल्यासारखी दिसायला लागले. हे आत आले, माझ्याकडे बघितलं आणि काहीही न बोलता बाहेर गेले. वीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतो.

सेलोटेपही लावून बघितली. कोपऱ्यावर तिरकी चिकटवायची, तिच्या कडेने रेघ ओढायची आणि टेप काढून टाकायची. मे महिन्यातल्या वेंगुर्ल्यात टेप चिकटवायची कशाला? घामाला? ती गालावरून घरंगळत हनुवटीवर येऊन थांबली.

मला तर वाटतं, मूळ चूक हवेची आहे. डोळ्याची रेघ बाहेर ओढायची ही हौस जुन्या इजिप्तची. तिथे बायकाच नाही, पुरुषही डोळे रंगवायचे. त्यांना काय जातंय? कोरडं वाळवंट, काढली रेघ की वाळली. आमच्याकडे वाळत घातलेली चादर दुसऱ्या दिवशीही दमट लागते. शिवाय दुसरा डोळा त्यांनाही छळत असणार असा माझा संशय आहे. राणी नेफरतितीचा तो प्रसिद्ध अर्धपुतळा 1912 साली अमार्ना इथे सापडला, हल्ली बर्लिनच्या संग्रहालयात असतो. डोळ्यांभोवती काळ्या रेघा एकदम ठसठशीत. उजव्या डोळ्यात स्फटिकाचं बुबुळ बसवलेलं आहे. डाव्यात नाही. का नाही, यावर विद्वान वाद घालतात. मला विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं.

लग्नाला दोन दिवस राहिले असताना शेजारचे आबा फणस घेऊन आले. आबा दशावतारी. उमेदीची सगळी वर्षं ते कंपनीत स्त्रीपार्टी करत. म्हणजे जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात कुणाच्या तरी बायकोचं, आईचं नाहीतर राक्षसाला भुलवणाऱ्या मोहिनीचं काम. दशावतारात ज्याने त्याने आपलं तोंड आपणच रंगवायचं. पेटाऱ्याला टेकून बसायचं, एका हातात आरसा, दुसऱ्या हातात काडी. संवाद पाठ करायला लिहिलेलं नाटकच नसतं, त्यामुळे पुढे काय बोलायचं त्याचा विचारही रंगवता रंगवताच.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘कोणी मारल्यान गो?’’

मी सगळी कर्मकहाणी सांगितली. त्यांनी हात पुढे केला. ‘‘हाड बघूया.’’

पेन हातात घेतलं, टोक अंगठ्याच्या नखावर ओढून बघितलं आणि आरशासमोर उभे राहिले. सत्तरी उलटलेला माणूस, कमरेला पंचा, खांद्यावर टॉवेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे. उजव्या कोपऱ्याला ठिपका. लगेच डाव्याला ठिपका. मागे सरकून आरशात दोन्हींकडे एकदम बघितलं. मग उजवीकडे अर्धी रेघ, डावीकडे अर्धी रेघ. ‘‘एक डोळो पुरो करूचो नाय,’’ ते तोंड न हलवता म्हणाले. ‘‘पुरो केलंस की तो शाणो होता. मगे दुसरो तेचा ऐकणा नाय. दोघांकाय वांगडाच न्हेवचा.’’

एक मिनिटही लागलं नसेल. वळले तेव्हा मला क्षणभर काय बोलावं सुचेना. पांढऱ्या भुवयांखाली दोन धारदार, अगदी जुळ्या शेपट्या, आणि मान जराशी कलती. पंचा तेवढा कमरेला तसाच. हे नेमके तेव्हाच पडवीत आले आणि दुसऱ्यांदा काही न बोलता बाहेर गेले.

मी नादात होते, त्यामुळे खोबरेलाचं सांगायचं राहिलं. आबांनी घरी जाऊन साबणाने तोंड धुतलं म्हणे, तीन वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळी मासळी बाजारात कोळणीने त्यांना सुरमईच्या दरात चक्क पन्नास रुपये सोडले. ही बातमी सासूबाईंनी आणली, आणि आणताना पिशवी खाली ठेवायचीही फुरसत नव्हती.

लग्नाच्या दिवशी पहाटे लाईट गेली. पडवीत, उजाडायच्या झुंजुमुंजू उजेडात, मी आबांच्या पद्धतीने बसले. इकडे ठिपका, तिकडे ठिपका. इकडे अर्धी, तिकडे अर्धी. एकदा ठसका लागला, पण निभावलं. पुतणीने टॉर्च मारून दोन्ही डोळे तपासले आणि म्हणाली, ‘‘काकी, सेम टू सेम!’’ आबांनीही मांडवात लांबूनच मान डोलावली. त्यांच्या कोपऱ्यांना अजून थोडं करडं दिसत होतं.

परवा फोटो आले. एकूण 412. अक्षता टाकताना मी बाजूने उभी आहे. पंगतीत वाढताना बाजूने आहे. घरच्यांच्या मोठ्या फोटोत बरोबर समोर आहे, पण पुढच्या रांगेत मामांचा फेटा आला. उजवा डोळा दिसतो. फार सुरेख दिसतो.