शिडी घेताना नुसते फूट आणि भाव विचारू नका

परवा संध्याकाळी होल्डर आणि टेप घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो. शेजारी एक यंत्रमागवाले उभे होते. ओळख नव्हती, पण शर्टावर सुताची कूस, म्हणजे उडालेले बारीक तंतू, बघितले की सोलापुरात धंदा विचारावा लागत नाही. "दहा फुटी शिडी केवढ्याला?" दुकानदाराने ॲल्युमिनियमची काढली, भाव सांगितला. शंभर-दोनशेवरून थोडी घासाघीस झाली आणि पाच मिनिटांत शिडी रिक्षाला बांधलीसुद्धा. हाच माणूस सूत घ्यायला गेला असता तर धागा दोन बोटांत पिळून, ओढून, तोडून बघितला असता. काउंट, म्हणजे सुताची जाडी-बारीकी, विचारला असता, गाठी बघितल्या असत्या.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मालक, काम कसलं आहे?"

"पंखे बदलायचेत. वायरमन म्हणाला शिडी आणून ठेवा."

"मग ॲल्युमिनियमची नका नेऊ. फायबरची घ्या."

"मेन बंद करूनच चढतो की ओ तो."

इथेच सगळं अडतं. मी अठ्ठावीस वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत आणि आसपासच्या गाळ्यांमध्ये वायरिंगचं आणि मेंटेनन्सचं काम करतोय, म्हणून सांगतो. मेन बंद केला म्हणजे वरची प्रत्येक वायर मेली असं नसतं. एका शेडमध्ये दोन भावांचे दोन मीटर असतात, मधली भिंत नंतर घातलेली असते. ह्याच्या बाजूचा पंखा त्याच्या मीटरवरून चालू असतो आणि ते दोघांच्याही लक्षात नसतं. कुठे इन्व्हर्टर असतो, कुठे जनरेटर. मेन पाडून, टेस्टर लावून, खात्री करून चढलेल्या माणसालाही वर हात घातल्यावर झटका बसल्याचं मी बघितलंय. अशा वेळी पायाखाली ॲल्युमिनियम असेल तर करंटला जमिनीत जायला सरळ रस्ता मिळतो. 230 व्होल्ट माणूस मारायला भरपूर झाले. आणि झटका नुसता बसून सुटला तरी माणूस दचकतो, हात सोडतो आणि खाली पडतो. खाली लूम असतात.

फायबरची शिडी म्हणजे जिचे दोन्ही उभे दांडे फायबरग्लासचे असतात, पायऱ्या बहुधा ॲल्युमिनियमच्याच. ती जड असते, महाग असते, म्हणून कुणी घेत नाही. पण विजेच्या कामाला तीच. लाकडाचं म्हणाल तर ते कोरडं असेपर्यंत ठीक. ओलं लाकूड, घामाचे हात, पावसात बाहेर पडलेली शिडी, यांचा भरवसा धरू नका.

आता खरं जे सांगायचंय ते.

2017 च्या एप्रिलमध्ये एका कारखान्यात माझं काम चालू होतं. कारखान्याचं नाव सांगणार नाही, सांगून काही बदलत नाही. माझा मदतनीस बावीस वर्षांचा पोरगा होता, हुशार, हाताला चटपटीत. आमची घोडी, म्हणजे पाय फाकवून स्वतःच उभी राहणारी शिडी, त्या दिवशी दुसऱ्या साइटवर होती. कारखान्यातले म्हणाले, "आमची शिडी आहे की, वापरा." लाकडी, बारा फुटी, लालभडक ऑइलपेंट मारलेली. गेटला मारून उरलेला रंग असावा. दिसायला नवीकोरी. मी लांबूनच बघितली आणि पोराला म्हणालो, "चढ."

खालून आठवी पायरी. पोराच्या एका हातात पंख्याचा रॉड, दुसऱ्या हाताने दांडा धरलेला. काटकी मोडल्यासारखा बारीक आवाज झाला आणि पायरी एका बाजूने सुटली. पोरगा उभाच्या उभा खाली आला, टाचांवर. उजव्या टाचेचं हाड फुटलं.

त्याला दवाखान्यात पोचवून संध्याकाळी मी परत आलो आणि ती शिडी आडवी करून बसलो. पायरी दांड्यात बसते तिथला रंगाचा पापुद्रा नखाने काढला. आत लाकूड काळं पडलेलं होतं, आणि उभी चीर इतकी जुनी की तिच्यात धूळ बसून घट्ट झालेली. बोटाने दाबलं तर भुगा पडला. वरून रंग मात्र चकचकीत. म्हणून सांगतो, लाकडी शिडीला रंग देऊ नका, कुणी दिला असेल तर त्या शिडीवर चढू नका. जवसाचं तेल द्या, आरपार दिसणारं वॉर्निश द्या. चीर पडली तर डोळ्यांना दिसली पाहिजे.

पोराची आई दवाखान्यात मला एवढंच म्हणाली, "अण्णा, तुमच्या भरवशावर पाठवलं होतं." रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून मी शिडीचं सगळं शिकायला लागलो. आपल्याकडे शिड्यांसाठी भारतीय मानक आहे, आयएस 3696 चा दुसरा भाग, 1991 चा. 1948 च्या कारखाने कायद्यातही उंचावर काम करणाऱ्याला पडण्यापासून वाचवायची सोय कलम 32 मध्ये सांगितलेली होती. म्हणजे हे कुणाला सुचलंच नव्हतं असं नाही. 4 मार्चला सुरक्षा दिनाला एमआयडीसीत गेटागेटावर फलक लागतात, शपथ होते. दुसऱ्या दिवशी तीच तुटकी शिडी त्याच भिंतीला टेकलेली असते. मला याचा फार त्रास होतो.

निवडायची कशी? पहिली गोष्ट, जागा बघायची. यंत्रमागाच्या शेडमध्ये दोन लूममधली गल्ली अरुंद, खाली तेल सांडलेलं, त्यावर कूस. तिथे ए आकाराची घोडी पूर्ण उघडत नाही, मग पोरं ती अर्धवट उघडतात किंवा मिटवूनच भिंतीला टेकवतात. मिटलेली घोडी टेकवायला बनवलेलीच नसते, तिचे पाय त्या कोनात जमिनीला नीट बसत नाहीत, घसरते. गल्ली मोजून घोडी घ्या. उघडल्यावर पायांमधलं अंतर किती ते दुकानातच उघडून बघा. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सरळ होऊन खट्‌ करून बसतात का बघा. आणि चढण्याआधी शेजारचे लूम बंद. त्याने उत्पादन अर्धा तास थांबेल, थांबू द्या.

डाइंगवाल्यांचं, म्हणजे सूत-कापड रंगवणाऱ्यांचं, वेगळं. तिथे खाली कायम ओल आणि कॉस्टिक सोडा. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, हे पुष्कळांना माहीतच नाही. एका डाइंग हाउसमध्ये मी ॲल्युमिनियमच्या शिडीचे खालचे टोक बघितले होते, पांढरी पूड धरलेले, कडा चावल्यासारख्या. वरून शिडी ठणठणीत. तिथेही फायबरच, आणि काम झालं की साध्या पाण्याने पाय धुऊन ठेवायची. पायाचे रबरी बूट झिजले की लगेच बदलायचे. पंधरा-वीस रुपयांच्या रबरासाठी लोक वर्षवर्ष थांबतात.

फायबरलाही आपलं ऊन लागतं. सोलापूरचा एप्रिल-मे काय असतो ते वेगळं सांगायला नको. बारा महिने गच्चीवर किंवा पत्र्यावर टाकलेली फायबरची शिडी हळूहळू पांढुरकी पडते, दांड्यावरून हात फिरवला की काचेचे बारीक तंतू तळहातात घुसतात. दिसत नाहीत, पण रात्रभर खाजतात. तंतू वर आले म्हणजे वरचा थर उडाला. अशी शिडी विजेच्या कामातून काढून टाकायची. सावलीत, भिंतीला आडवी टांगून ठेवा, वर्षानुवर्षं टिकते.

उंचीचं गणित सगळ्यात जास्त चुकतं. लोक छताची उंची बघून तेवढ्या फुटांची शिडी मागतात, नाहीतर पैसे वाचवायला दोन फूट कमी घेतात. बारा फुटांवरच्या ट्यूबसाठी आठ फुटी घोडी पुरते, कारण माणूस वरच्या दोन पायऱ्या सोडून उभा राहतो आणि त्याचा हात डोक्याच्या वर फूट-दीड फूट सहज जातो. सहा फुटी घेतली की तो माथ्यावर उभा राहणारच. तुम्ही कितीही ओरडा, काम पूर्ण करायचंय म्हणून तो राहणारच. त्याला लागेल एवढी शिडी तुम्ही दिली नाहीत, हे आधी मान्य करा.

पत्र्यावर चढायची टेकती शिडी मात्र छतापेक्षा लांब लागते. टोक पत्र्याच्या कडेच्या वर तीन फूट तरी निघालं पाहिजे, म्हणजे वर पाय ठेवताना आणि उतरताना धरायला हाताशी काहीतरी राहतं. सोळा फुटांवर कड असेल तर वीस फुटी शिडी घ्या, सोळा फुटी नको. तिरकस किती लावायची? चारला एक. शिडी बारा फुटांवर टेकली तर पाय भिंतीपासून तीन फूट. टेप नसेल तर शिडीच्या पायाला बुटाची टोकं लावून सरळ उभे राहा आणि हात समोर आडवे पसरा. तळवे दांड्याला टेकले की कोन बरोबर. हे मी प्रत्येक नवीन पोराकडून दहा वेळा करून घेतो. आपल्या गावात यात्रेला नंदीध्वज पेलणारे आधी सराव करतात, तोल अंगात मुरवतात, मगच मिरवणुकीला उतरतात. शिडीवर चढणाऱ्या पोराला मात्र पहिल्याच दिवशी "चढ" म्हणतो आपण.

आणि पत्रा सिमेंटचा असेल तर शिडी कितीही चांगली असो, पत्र्यावर थेट पाय ठेवायचा नाही. फळी टाकूनच चालायचं. सिमेंटचा जुना पत्रा मोडताना सांगून मोडत नाही.

वजनाबद्दल थोडक्यात. माणूस 75 किलो, कमरेची पिशवी आणि ड्रिल 10, वर न्यायची मोटर 25. झाले 110. अमेरिकन मापात घरगुती हलकी शिडी 200 पाउंडांची, म्हणजे साधारण 90 किलोंची असते. कारखान्याला लागते ती 300 पाउंडांची, 136 किलोंची. युरोपच्या मानकात 2018 पासून घरगुती असो की धंद्याची, दोन्ही 150 किलोंच्या, पण धंद्याच्या शिडीची चाचणी जास्त कडक. दांड्यावर स्टिकर असतो, वाचा. स्टिकरच नसलेली शिडी घरी माळ्यावरची भांडी काढायला न्या, शेडमध्ये नको. आणि खरं तर 25 किलोंची मोटर शिडीवरून न्यायचीच नाही. दोर लावून ओढायची, नाहीतर परांची बांधायची. तासभर वर उभं राहून दोन्ही हातांनी करायचं काम असेल तर शिडी हा पर्यायच नव्हे. त्याला कठडा असलेली, वर उभं राहायला जागा असलेली प्लॅटफॉर्म शिडी असते. ती घ्या, नाहीतर परांची.

लांब ॲल्युमिनियमची शिडी उभी धरून चालणारे लोक दिसले की माझ्या पोटात गोळा येतो. पेठेतल्या बोळात, एमआयडीसीच्या रस्त्यावर, डोक्यावरून 11 हजार व्होल्टची लाइन गेलेली आणि खाली दोन पोरं वीस फुटांची शिडी झेंड्यासारखी धरून निघालेली. आडवी धरा. दोघांनी धरा. थांबवून सांगावं लागलं तर सांगा, मी सांगतो. कधी शिव्या खातो, कधी ऐकतात.

माझं एकच म्हणणं आहे. शिडी जो चढतो त्याला निवडू द्या. मालक, सुपरवायझर, ठेकेदार, आपण सगळे खाली उभे राहणारे. आपल्याला फूट आणि भाव दिसतो. त्याला पायरीची रुंदी कळते, कारण तासभर त्याच्याच तळपायाला ती कड रुतते. डुगडुगते का, ते त्याच्या गुडघ्याला कळतं. त्याला दुकानात घेऊन जा, दोन पायऱ्या चढू द्या, हलवू द्या. "ही नको" म्हणाला तर वाद घालू नका. त्याची अर्ध्या दिवसाची हजेरी बुडू देऊ नका, तो वेळही कामाचाच आहे.

तो टाच मोडलेला पोरगा अजून माझ्याकडेच आहे. आता उंचावर चढत नाही, खाली पॅनेलचं काम बघतो, थंडीत थोडा लंगडतो. गेल्या महिन्यात तीन नवीन शिड्या घ्यायच्या होत्या, त्याला पुढे घातलं. त्याने दुकानातल्या एकेक शिडीचा दांडा बोटाच्या सांध्याने ठोकून बघितला, पायऱ्यांचे रिवेट अंगठ्याने चाचपले, रबरी बूट उलटे करून बघितले. दुकानदार म्हणाला, "काय ओ, सोनं घेताय का?" त्याने उत्तर दिलं नाही. दोन शिड्या बाजूला काढल्या, तिसरी परत ठेवली आणि मला म्हणाला, "अण्णा, हिच्या तिसऱ्या पायरीत जरा खेळ आहे. दुसरी मागवा."

चार दिवस थांबलो. दुसरी आली, तिलाही त्याने ठोकून घेतलं, मग पैसे दिले.