‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : २४ फ्रेम्स, १२० फ्रेम्स आणि ‘दिवाळीतला किल्ला’

स्पष्टवक्ता यांस,

नमस्कार. घरच्या घरी मॉडेल वापरून विज्ञानपटातली दृश्यं कशी घ्यायची, या लेखावर तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा देतो. यान गडाच्या बुरजावर आदळतं ते दृश्य ‘दिवाळीतला किल्ला वाटतो’. ‘सेकंदाला १२० फ्रेम्सचं कौतुक पुरे, २४ वर घेऊन एडिटिंगला पाचपट हळू केलं की तेच मिळतं.’ ब्लेंडर हे संगणकावर त्रिमितीय दृश्यं बनवायचं सॉफ्टवेअर फुकट असताना थर्माकोल कापत बसणं ही निव्वळ हौस. खर्चाच्या यादीत फोन धरलेला नाही. खरी माणसं आणि मॉडेल एका चौकटीत आणताना लेन्स जुळत नाही. आणि समारोपाला, ‘गणपतीचे देखावे करणाऱ्यांनी सिनेमा शिकवू नये.’

आधी हे शेवटचंच घेतो, कारण प्रतिक्रियेचा सगळा सूर तिथूनच आलाय. चूक दाखवायला कुणाची ना नाही, पण ‘शिकवू नये’ ही काय भाषा झाली? तुम्ही बंगळूरच्या स्टुडिओत कामाला आहात हे प्रतिक्रियेत तीनदा आलंय. एकदा लिहिलं असतं तरी पोचलं असतं. आमच्या बेळगावात शिवजयंतीचे चित्ररथ आणि गणपतीचे हलते देखावे यांच्यावर वर्षानुवर्षं हात काळे केलेत मी. तिथं माणसं चार-पाच फुटांवरून बघतात, हव्या त्या कोपऱ्यातून बघतात आणि मधे कट मारायची सोय नसते. त्यामानानं कॅमेरा फार दयाळू, एकाच ठिकाणाहून बघतो आणि तेही आपण सांगू तिथूनच. राहिला दिवाळीतला किल्ला. मातीला उतार कसा द्यायचा, दगड लहान कसा दाखवायचा, हळीव कुठं पेरायचे, हे दहा वर्षांच्या पोराला कळतं आणि पुष्कळ मोठ्यांना कळत नाही. तुम्ही ते शिवी म्हणून वापरलंत, मी तसं घेत नाही.

एक मात्र मान्य. फोनची किंमत खर्चात धरलेली नव्हती. धरायला हवी असं तुमचं म्हणणं असेल तर धरा, माझी हरकत नाही.

आता २४ आणि १२० चं. बेधडक लिहिलेलं वाक्य आहे, म्हणून याचंच उत्तर सविस्तर देतो. बरीच नवी मुलं असलं वाचून वर्षभर चुकीच्या वाटेनं जातात.

माझं मॉडेल १/२४ चं आहे. बुरूज ३० सेंमी उंच, म्हणजे खऱ्यात ७.२ मीटर. खऱ्या बुरजाच्या माथ्यावरून दगड सुटला तर जमिनीवर यायला त्याला साधारण १.२ सेकंद लागतात. ३० सेंमीवरून सुटलेला तुकडा पाव सेकंदात खाली येतो. गुरुत्वाकर्षण काही मॉडेल बघून कमी होत नाही. पडायचा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. २४ चं वर्गमूळ ४.९, म्हणून २४ फ्रेम्सच्या जागी साधारण ११८ हव्यात. फोनमध्ये १२० मिळतात, काम झालं. १/१६ चं मॉडेल असेल तर ९६ पुरतात, १/१०० ला २४० लागतात. हे माझ्या मनचे आकडे नव्हेत, मॉडेलवाले कितीतरी वर्षं याच हिशेबानं चालत आलेत.

आता तुमची रीत लावून बघू. २४ वर घेतलं तर तो तुकडा सुटल्यापासून पडेपर्यंत जेमतेम ६ फ्रेम्स मिळतात. पडद्यावर हव्यात २९. उरलेल्या २३ कुठून आणणार? सॉफ्टवेअर त्या मनानं भरतं. एक ठिपका या फ्रेममध्ये इथं होता, पुढच्या फ्रेममध्ये तिथं दिसतो, म्हणजे मधे अमुक ठिकाणी असेल, असा त्याचा अंदाज. चालणारा माणूस किंवा गाडी असेल तर अंदाज बरा जमतो. धुळीच्या लोटात ओळखू येईल असा ठिपकाच नसतो. दर फ्रेमला आकार मोडतो, नवा तयार होतो. मग धूळ चिकट होते, काठ लवलवतात, दगडाच्या मागची भिंत दगडाबरोबर ओढली जाते. तुम्ही स्टुडिओत असता, म्हणजे हे रोज बघत असणार. बघूनही असं लिहिलंत याचं जास्त नवल वाटलं.

आणि फ्रेम्स मोजून भागत नाही, धूसरपणाही मोजावा लागतो. २४ वर शटर, म्हणजे एका फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ, नेहमीसारखं १/४८ सेकंद ठेवलं तर जमिनीजवळ आलेला तुकडा त्या एका फ्रेममध्ये ५ सेंमी पुसला जातो. ५ सेंमी म्हणजे मॉडेलच्या हिशेबात १.२ मीटर! खरा दगड ७.२ मीटरवरून पडताना १/४८ ला साधारण २५ सेंमी पुसला जातो, मॉडेलवर तो १ सेंमी दिसायला हवा. १२० फ्रेम्स आणि १/२४० शटरला नेमका तेवढाच येतो. एकदा पुसली गेलेली कड एडिटिंगमध्ये कितीही हळू केलीत तरी परत येत नाही.

आता १२० वर गेल्यावर काय बिघडतं ते. मूळ लेखात हे थोडक्यात आटोपलं होतं.

प्रकाश पाचपट कमी पडतो. खोलीतल्या ट्यूबलाइटवर फोन आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) चढवतो, चित्रात रवा दिसायला लागतो, आणि धूळ आणि रवा कॉम्प्रेशनमध्ये एकजीव होऊन चिखल होतो. स्वस्तातले एलईडी दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १२० शी त्यांचं जमत नाही, सेकंदाला २० ठोके पडतात आणि पाचपट हळू केल्यावर पडद्यावर दर सेकंदाला ४ वेळा उजेड धडधडतो. यावर दोन उपाय. १२ व्होल्टची एलईडी पट्टी थेट बॅटरीवर लावा, मधे डिमर नको. नाहीतर सरळ गच्चीवर जा. ऊन केव्हाही सरस. किरणं समांतर येतात, त्यामुळे सावल्या खऱ्या वाटतात. दिवा जवळ ठेवला की सावल्या पसरतात आणि खेळणं आहे हे लगेच उघडं पडतं. दुपारी ४ नंतरचं तिरपं ऊन घ्या, वारा पडलेला असेल असा दिवस बघा. एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही लॉक करा, नाहीतर धूळ उठली की फोन उजेड कमी करतो आणि तुमचा स्फोट मधेच काळवंडतो. काही फोनवर ९६० लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. पुष्कळदा त्यातल्या निम्म्याअर्ध्या फ्रेम्स सॉफ्टवेअरनंच भरलेल्या असतात, म्हणजे घरबसल्या तुमचीच रीत.

कॅमेऱ्याची उंची हा दुसरा घोळ. माणसाची नजर १.६ मीटरवर, १/२४ मध्ये ती ६.७ सेंमीवर येते. फोन सरळ धरला तर लेन्स वर राहते आणि दृश्य ड्रोनमधून बघितल्यासारखं होतं. फोन उलटा धरा, लेन्स जमिनीलगत येईल, क्लिप नंतर फिरवून घ्या. फोनचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे पुढचं-मागचं बरंचसं स्पष्ट राहतं. इथं महागडा कॅमेरा मार खातो. त्याला लेन्सचं भोक एफ/१६, एफ/२२ इतकं बारीक करावं लागतं आणि मग प्रकाश आणखी अपुरा.

धुळीबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. येळ्ळूरच्या राजहंसगडाकडची लाल माती आणून तशीच वापरू नका. १ मिमीचा खडा मॉडेलमध्ये अडीच सेंमीचा होतो, धूळ न उठता खडी उडते. मुलतानी माती घ्या, किराणा दुकानात मिळते. त्यात रंगापुरता गेरू, साधारण ५ भागांना १ भाग. बेळगावचा पावसाळा लक्षात घेता ही माती ओल धरणारच, गोळे होणारच. जाड तव्यावर मंद आचेवर हलवत भाजा. ओल असेपर्यंत माती उलथन्याला चिकटते. सुकली की सुटी होते आणि तव्यावर पाण्यासारखी हलायला लागते, तेव्हा उतरवा. गार झाल्यावर मलमलीतून दोनदा चाळा. मास्क लावूनच, ही धूळ छातीत जाते. मॉडेलच्या तळाला २ मिमीची भोकं पाडून खालून नळीनं हवा सोडा, सायकलचा पंप पुरतो. एकदम जोरात मारलात तर कारंजं उडतं. आधी हळू आणि मग जोर, असं दोन टप्प्यांत.

बुरूज निव्वळ पीओपीचा ओतला तर त्याचे खापऱ्यासारखे मोठे तुकडे होतात. पीओपीत निम्मी चाळलेली माती घाला आणि पाठीमागून कटरनं वेड्यावाकड्या रेघा मारा, तिथूनच तो फुटेल. जाडी प्रमाणात ठेवा. ९ इंची भिंत १/२४ मध्ये जेमतेम १ सेंमीची होते.

यानाला तंगूस तीन ठिकाणी बांधा. एकाच दोऱ्यावर ते गरगर फिरतं. दोरा चमकू नये म्हणून त्यावर मागच्या आभाळाच्या रंगाचा मॅट हात द्या. दोरे जितके लांब तितका झोका संथ, आणि संथ झोका डोळ्याला वजनदार वाटतो. पोटात लोखंडाचा चुरा भरा. उद्यमबागेत कुठल्याही लेथवाल्याकडे मागितला तर ओंजळभर देतो. थर्माकोलवर थेट स्प्रे मारू नका, त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं. आधी फेविकॉल आणि पाणी समसमान, दोन हात. वाळल्यावर इमल्शन, त्यात चिमूटभर टाल्कम पावडर म्हणजे चकाकी मरते.

बाकी मुद्द्यांचं थोडक्यात. ब्लेंडर फुकट आहे, खुशाल वापरा, माझ्या लेखाचा विषय तो नव्हता. अवकाशात तरंगणाऱ्या यानाला १२० फ्रेम्स लागत नाहीत, हे तुम्ही मोठ्या शोधासारखं लिहिलंय. तिथं काही पडतही नाही आणि उडतही नाही, तेव्हा अर्थातच लागत नाहीत, आणि लागतात असं मी कुठं म्हटलंय तेही दाखवा. पाण्याचं दृश्य का टाळलं, तर थेंब लहान होत नाही म्हणून. ३ मिमीचा थेंब १/२४ मध्ये ७ सेंमीचा दिसतो. पाणी घ्यायचंच असेल तर मॉडेल निदान १/६ चं करा. लेन्स जुळवण्याचं म्हणाल, तर तो वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी लिहीन. इथं नको. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांशी त्यावर वाद घालण्यात मला गोडी नाही.

तरीही तुमचंच खरं असं वाटत असेल तर एक करा. पीओपीचा सुपारीएवढा तुकडा घ्या, ३० सेंमीची पट्टी भिंतीला उभी चिकटवा, उन्हात, मागं काळा पुठ्ठा. तुकडा सोडा, एकदा २४ वर आणि एकदा १२० वर. दोन्ही क्लिप्स २४ च्या टाइमलाइनवर टाका. १२० ची क्लिप एडिटरमध्ये २४ म्हणून वाचायला लावा, २४ ची तुमच्या रीतीनं पाचपट हळू करा. तुकडा हातातून सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत खऱ्या फ्रेम्स किती आणि सॉफ्टवेअरनं घातलेल्या किती, ते मोजा आणि आकडा इथं लिहा. २४ वर घेताना शटर १/४८ च्या जवळ ठेवा. उन्हात फोन ते आपोआप १/१००० वर नेतो, मग पुसट कड दिसणार नाही आणि तुम्ही म्हणाल, बघा, काही फरक नाही. उजेड फार झाला तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लावा. नसेल तर गॉगलची काच लेन्ससमोर धरली तरी चालते.