अक्कलदाढ काढल्यावर ‘स्ट्राँग’ गोळीच लागते?

नागपुरात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सल्ला असा: अक्कलदाढ काढली की थेट ट्रामाडॉल (अफूच्या जातीची ‘स्ट्राँग’ गोळी) घ्या, पॅरासिटामॉल तापाची गोळी आहे, आयबुप्रोफेननं रक्त थांबत नाही, आणि दुखायला लागल्याशिवाय गोळी घेऊच नका. यातला एकही मुद्दा टिकत नाही.

ट्रामाडॉलनं दुखण्याची जाणीव कमी होते, जखमेची सूज नाही. हाड कोरलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, ठणका त्याचा असतो, आणि आयबुप्रोफेन तेच रोखतं. वर ट्रामाडॉलनं मळमळतं, गरगरतं. ताज्या जखमेसोबत उलट्या कोणाला हव्यात?

पॅरासिटामॉल एकटी कमी पडते, एवढं खरं. पण आयबुप्रोफेनसोबत दिली की दोन्हींचा मिळून आराम एकेकटीपेक्षा जास्त. धडधाकट प्रौढाला साधारणपणे जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ दर ८ तासांनी, सोबत पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिग्रॅ दर ६ तासांनी. पॅरासिटामॉल दिवसाला ४ ग्रॅमच्या आत. वजन ५० किलोपेक्षा कमी, यकृताचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्या. घोळ होतो तो मेडिकल स्टोअरमध्ये: जोडगोळीत (एकाच गोळीत दोन औषधं) पॅरासिटामॉल आधीच असते, तिच्यावर पॅरासिटामॉलचीच ६५० मिग्रॅची आणि सर्दीची गोळी चढते. आयबुप्रोफेनवर अ‍ॅसिक्लोफेनॅक तर नकोच. दोन्ही एकाच जातीच्या, आराम वाढत नाही, पोट आणि किडनी मात्र भोगतात.

रक्ताचं म्हणाल तर रक्त गोठण्यावरचा अ‍ॅस्पिरिनचा परिणाम ७ ते १० दिवस राहतो, आयबुप्रोफेनचा साधारण दिवसभरात ओसरतो. रक्त थांबतं ते कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून. वारंवार थुंकल्यानं जखमेवरची रक्ताची गुठळी निघते. हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका.

पहिली गोळी बधिरता उतरण्याआधीच घ्या. तिला लागू पडायला अर्धा-एक तास लागतो. पुढचे दोन-तीन दिवस घड्याळ बघून घ्या, मग गरजेपुरती.

आयबुप्रोफेन कोणी टाळावी? अल्सर, किडनीचा आजार, गोळीनं दमा उठणारे, गरोदर बाया, रक्त पातळ करणारं औषध घेणारे. विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बरंच आहे, किडनीवर त्याचाही ताण असतो; अशांनी विचारूनच घ्यावी. मे महिन्यात अंगातलं पाणी कमी पडलेलं असताना, किंवा पावसाळ्यात डेंग्यूची शंका असताना ही गोळी नको.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत कळ गेली, तोंडाला वास आला तर गोळी वाढवू नका. गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं, तिथे ड्रेसिंगच लागतं. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. ताप, गिळायला त्रास, तोंड उघडेना असं झालं तर सकाळची वाट न पाहता मेडिकल कॉलेजचं रुग्णालय गाठा.