अण्णांची मिशी

सासूबाईंच्या पंचाहत्तरीला विकतचं काही द्यायचं नाही असं मी ठरवलं, आणि तिथेच फसले. त्यांच्या वडिलांचा, अण्णांचा, एक जुना फोटो घरात आहे. ठाणे स्टेशनच्या पाटीखाली उभे, मिशीला पीळ, आणि आव असा की १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून आलेली पहिली गाडी यांनीच हात दाखवून थांबवली. तो फोटो कॅनव्हासवर उतरवायचा, वरून कोळशाचं रेखाटन, थोडे अ‍ॅक्रिलिक रंग. एका दुपारचं काम!

पहिले अण्णा घरच्या इंकजेटवर छापले. पाणी लागताच निळसर ओघळ होऊन ते कॅनव्हासच्या कडेने निघून गेले. इथे लेझरची प्रत लागते. तिच्यात प्लॅस्टिकची भुकटी असते, ती पाण्याला दाद देत नाही. म्हणून नौपाड्यात झेरॉक्सवाल्याकडे गेले.

कॅनव्हासवर जेल मीडियमचा, म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या दाट चिकट लेपाचा थर, त्यावर प्रत पालथी, मग रात्रभर वाळवण. हे ‘रात्रभर’ कोरड्या हवेतलं. जुलैत ठाण्यात टॉवेल वाळत नाहीत, तिथे अण्णा काय वाळणार? दोन दिवस पंख्याखाली होते. सासरे येता-जाता पंखा बंद करायचे आणि मला कारण सांगता येईना.

मग खरा छळ. चित्र लेपाला चिकटलेलं असतं, वरचा कागद ओला करून बोटाने चोळत लगदा काढायचा. हळू चोळलं तर वाळल्यावर पांढरी साय उरते, जोरात चोळलं तर चित्रच हातात येतं. तीनदा चोळलं, तीनदा साय. अंगठा इतका झिजला की फोन मला ओळखेना. चौथ्यांदा साय गेली आणि सोबत अण्णांची डावी मिशीही.

तेव्हाच पाटीवर नजर गेली. ‘ठाणे’ उलटं! पालथी प्रत उलटी उमटते, म्हणून ती आधीच आरशातल्यासारखी छापून घ्यायची असते. मी तसं बजावलंही होतं. पण झेरॉक्सवाला भला माणूस. “उलटं वाचता येणार नाही ताई,” म्हणत त्याने सरळ काढून पाकिटात घालून दिलं होतं.

पाटीवर पिंपळ रंगवला. मिशी कोळशाने काढली. ती बोट लागून पसरली, म्हणून उजवी तिच्या मापाची केली. मग डावी लहान वाटायला लागली.

वाढदिवसाला सासूबाईंनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

“अगंबाई, बंडूकाका!” त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “एकही फोटो नव्हता गं त्यांचा. कुठे सापडला तुला?”

“स्टेशनवर,” मी म्हटलं.