बहुउद्देशीय घटना

समाजसेवेची उबळ आली आहे ना? मग सेवा राहू द्या, आधी संस्थेची घटना लिहायला घ्या. लिहायची कसली म्हणा! शेजारच्या तालुक्यातल्या एखाद्या संस्थेची झेरॉक्स आणायची आणि नाव बदलायचं. तिसऱ्या पानावर त्यांच्या गावाचं नाव तसंच राहिलं तर घाबरू नका. तिथवर कुणी वाचत नाही.

नावात ‘बहुउद्देशीय’ हवंच. उद्देशांत बालवाडीपासून बायोगॅसपर्यंत सगळं घाला. उद्या कोणत्या खात्याचं अनुदान निघेल, काय सांगावं?

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात माणसं लागतात. घरातच मोजा. कमी पडलं तर जावई आहे. लेकीचं सासरचं आडनाव तर देवाची देणगीच, यादी कशी सर्वसमावेशक दिसते.

आता खरी मेख: गणपूर्ती, म्हणजे सभेला किमान किती सभासद हजर हवेत ते. इथे हात आखडू नका, ठोकून दोन तृतीयांश लिहा. लोकशाहीवरची निष्ठा दिसली पाहिजे. आणि लगेच खाली लिहा, ‘गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.’ मग वार्षिक सभा दाट लग्नतिथीला, सकाळी साडेआठला ठेवायची. हजर कोण? तुम्ही आणि सचिव, म्हणजे वहिनी. साडेआठला सभा तहकूब. नऊला सुरू. सूचक तुम्ही, अनुमोदक वहिनी. सव्वानऊला हिशेबासह सगळे ठराव एकमताने मंजूर. आभार कुणी मानायचे एवढाच काय तो पेच. इतिवृत्ताची वही वहिनींच्याच कपाटात, साड्यांखाली.

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानुसार विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तेव्हा बदलूच नका. भाऊबंदकी झालीच तर दोन्ही गटांनी आपापला अर्ज टाकून द्यावा. निकालापर्यंत नातू सज्ञान होतो, आयताच विश्वस्त मिळतो.

एक कलम मात्र जाचक आहे. संस्था विसर्जित केली तर उरलेली मालमत्ता सभासदांत वाटून घेता येत नाही, दुसऱ्या संस्थेलाच द्यावी लागते. असू द्या. ती दुसरी संस्था आजच नोंदवून टाका. सात माणसं घरात आहेतच, आणि झेरॉक्सही.