प्रत्येक ‘च’ म्हणजे ‘ओन्ली’ नव्हे

एसएसएलसीची, म्हणजे इथल्या दहावीची, परीक्षा जवळ आली की आमच्या बेळगावात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर इंग्रजीचे रामबाण उपाय फिरू लागतात. सध्या वडगाव-शहापूरपासून खानापूरपर्यंत फिरत असलेल्या एका मेसेजने ‘ओन्ली’ या क्रियाविशेषणाचा निकाल चार ओळींत लावून टाकलाय. ओळी अशा: १. ‘ओन्ली’ म्हणजे ‘फक्त’, दुसरा अर्थ नाही. २. मराठी वाक्यात ‘च’ दिसला की इंग्रजीत ‘ओन्ली’ लावा. ३. तो वाक्यात कुठेही ठेवा, अर्थ बदलत नाही. ४. शब्दामागे ‘ओन्ली’ लावायची खोड आपल्याला कानडीमुळे लागली. माझ्या शिकवणीच्या तीन पोरांनी हे वहीत उतरवून आणलं, वर लाल चौकट करून. मग गप्प बसवेना.

दुसऱ्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण मार्क तिथंच जातात. ‘ओन्ली’ दार लावून घेतो: हे एवढं आत, बाकीचं बाहेर. आपला ‘च’ कधी दार लावतो, कधी नुसता टेबलावर हात आपटतो. ‘मी दोनच मांडे खाल्ले’ यात तिसरा मांडा बाहेर राहिला, म्हणून ‘ओन्ली टू’ बरोबर. पण ‘मी उद्याच येतो’ हा दिलेला शब्द आहे. त्याचं ‘आय विल कम टुमॉरो ओन्ली’ केलंत तर इंग्रज समजेल, हा उद्या एक दिवस येणार, परवा याचं तोंड दिसायचं नाही. सेलच्या दुकानावर ‘टुडे ओन्ली’ची पाटी लागते ती याच अर्थानं. खात्री द्यायची असेल तर ‘डेफिनिटली’ आहे की.

पुढे बघा. ‘तोच माणूस परत आला’ इथं ‘द सेम मॅन’. ‘आत्ताच जेवलो’ इथं ‘जस्ट’. ‘काहीच कळलं नाही’ इथं ‘अ‍ॅट ऑल’. ‘पाऊस येणारच’ इथं ‘इज बाउंड टू’. ‘मीच केलं’ ही कबुली असेल तर ‘इट वॉज मी’, आणि कुणाची मदत न घेता केल्याचा तोरा असेल तर ‘मायसेल्फ’. पाच वाक्यं, पाच ‘च’, ‘ओन्ली’ एकातही नाही. मी पोरांना एवढंच विचारायला लावतो: बाहेर कुणाला काढलं? उत्तर सापडलं तर ‘ओन्ली’ लिहा, नाही सापडलं तर दुसरा शब्द शोधा. ‘तो कालच आला’ याला मात्र ‘ही केम ओन्ली येस्टरडे’ चालतं, कारण तिथं कालच्या आधीचे सगळे दिवस बाहेर काढलेले असतात. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुधा असलं एखादं वाक्य बघून नियम ठोकला असावा.

कानडीवर फोडलेलं खापर तर अगदीच अन्यायाचं. कानडी माणूस ‘नाळेने बर्तीनी’ म्हणताना ‘नाळे’ला शेवटी ‘ए’चा ठसका देतो. आपण ‘उद्या’ला ‘च’ लावतो, हिंदीवाला ‘कल’ला ‘ही’ लावतो. तिघंही इंग्रजी बोलायला लागले की तोच ठसका ‘ओन्ली’ होऊन शब्दामागे येतो. दिल्लीत कुणाला कानडी येतं म्हणून तिथं ‘टुमॉरो ओन्ली’ ऐकू येतं? भाषेचे अभ्यासक याला भारतीय इंग्रजीची खूण मानतात, आणि खडेबाजारात उभं राहून खुशाल तसं बोलावं, समोरच्याला बरोबर कळतं. पेपर तपासणारा मात्र लाल रेघ मारू शकतो.

आता ‘कुठेही ठेवा’. आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट झाला. ‘ओन्ली कर्नाटका विमेन ट्रॅव्हल फ्री इनसाइड द स्टेट’ असं लिहिलं की चंदगडहून आलेल्या आत्याला बेळगाव-खानापूर प्रवासातही तिकीट काढावं लागतं, कारण तिच्या आधारकार्डावर महाराष्ट्राचा पत्ता. तोच ‘ओन्ली’ चार शब्द पुढे सरकवा: ‘कर्नाटका विमेन ट्रॅव्हल फ्री ओन्ली इनसाइड द स्टेट’. आता आत्याचा विषय संपला. आता निपाणीहून कोल्हापूरच्या बसमध्ये बसलेल्या इथल्याच काकूंना पैसे मोजावे लागणार. दोन्ही वाक्यं खरी, पण कंडक्टर पैसे मागतो ती बाई वेगळी. आणि हे महाशय म्हणतात अर्थ बदलत नाही!

मेसेजची थोडी बाजूही घेतो. रोजच्या बोलण्यात ‘आय ओन्ली एट टू’ असं क्रियापदाआधी ‘ओन्ली’ टाकलेलं इंग्रजांनाही चालतं, जोर ‘टू’वर दिला की झालं. ‘ही ओन्ली डाइड अ वीक अगो’ या वाक्याची बाजू तर एच. डब्ल्यू. फाउलर या जाणकारानं १९२६ सालीच घेतली होती. म्हणजे जागेची थोडी मोकळीक आहे. पण बोलताना आवाजाचा जोर मदतीला येतो, कागदावर तो नसतो. तिथं ज्या शब्दासाठी ‘ओन्ली’ आहे त्याच्या अगदी अलीकडे तो ठेवलेला बरा.

राहिली पहिली ओळ. ‘ओन्ली’ हा मुळात ‘वन’ आणि ‘लाइक’ यांच्या जुन्या रूपांतून झालेला शब्द, म्हणून ‘ओन्ली सन’ म्हणजे एकुलता एक मुलगा. तिथं तो क्रियाविशेषण नाहीच, विशेषण आहे. ‘ओन्ली टू ग्लॅड’मध्ये तो ‘अगदी’ होतो, ‘ओन्ली जस्ट’मध्ये ‘जेमतेम’, आणि ‘इफ ओन्ली’ म्हटलं की मनाला लागलेली हळहळ: पाऊस वेळेवर आला असता तर!

सीमाभागातल्या पोरांना तर हे पुण्याच्या पोरांपेक्षा लवकर कळायला हवं. कानडी पावतीवर रकमेच्या शेवटी ‘मात्र’ लिहितात, चेकवर ‘ओन्ली’ लिहितात तसंच, पुढं कुणी आकडा वाढवू नये म्हणून. कानडीत ‘मात्र’ म्हणजे फक्त. मराठीत आपण तोच ‘मात्र’ बहुतेक वेळा ‘पण’च्या जागी वापरतो. आणि इंग्रजी ‘ओन्ली’ ही दोन्ही कामं करतो! ‘आय वुड हॅव कम, ओन्ली आय हॅड नो मनी’ यात ‘फक्त’ घालून बघा, वाक्य अडखळतं. आपल्या बोलीतलं ‘खरं’ घाला: आलो असतो, खरं पैसे नव्हते. चपखल बसलं.

हे सगळं त्याच ग्रुपवर टाकणार होतो, खरं टाइप करायला गेलो तर खाली ओळ दिसली: ‘ओन्ली अ‍ॅडमिन्स कॅन सेंड मेसेजेस’. हा ‘ओन्ली’ मात्र अगदी बरोबर जागी होता.